नमुना क्रमांक पाच

कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे हेड म्हणजे छोटीचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. ही गोष्ट विभागात सगळ्यांना ठाऊक होती, आणि ज्यांना नव्हती त्यांना दाजी स्वतः सांगत. "हिला इथं मीच लावून घेतलं," असं ते आल्यागेल्यासमोर म्हणत, आणि अशा आवाजात म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, छोटी ही एखादी कुंडी असून ती त्यांनी हौसेनं खिडकीत आणून ठेवली आहे.

छोटीचं वय बावन्न. लहानपणी ताईनं ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. कॉलेजात मुलं तिला मावशी म्हणत. बावीस वर्षं ती प्रयोगशाळा सांभाळत होती. काचपट्ट्या धुवायच्या, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवरचे बोटांचे ठसे पुसायचे, बरण्यांतलं फॉर्मालिन बदलायचं, मागच्या काचघरातल्या कुंड्या जगवायच्या. तिचं शिक्षण शाळेपुरतंच. पण तीच तीच व्याख्यानं बावीस वर्षं कानावर पडली, आणि ज्यांच्याविषयी बोललं जात होतं ती झाडं रोज तिच्याच हाताखालून जात होती, तेव्हा सगळं वर्गीकरण तिच्या अंगात मुरलं होतं. ज्यांच्या देहात पाणी वर चढवणाऱ्या आणि अन्न पोचवणाऱ्या नळ्या असतात, त्या संवहनी वनस्पती. त्यांचे दोन गट, बी नसलेल्या आणि बी असलेल्या. बी नसलेल्यांत फर्न आणि त्यांची भावकी, पानाच्या पाठीवर बीजाणूंचे तपकिरी ठिपके घेऊन बसलेली. बी असलेल्यांत पुन्हा दोन घरं. पाईन, सायकस यांच्या बिया उघड्या, आणि गवतापासून गुलाबापर्यंत बाकी सगळ्यांच्या फळात झाकलेल्या. यात अवघड काय आहे, हे तिला कधीच कळलं नाही. दाजींना मात्र ते सांगायला पूर्ण सत्र लागे.

दाजींनी तीस वर्षांत बुटाला चिखल लागू दिला नव्हता. झाड त्यांना पानावर ओळखू येई, पण पुस्तकाच्या पानावर. सहल निघाली की ते पुढच्या बाकावर बसून गाडीतूनच बोट दाखवत, आणि बोटाच्या दिशेला जे असेल त्याचं नाव मुलं लिहून घेत. कोणी मुलगा खाली उतरून एखादी डहाळी घेऊन आला, की दाजी म्हणत, "हे अभ्यासक्रमात नाही." त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक मार्गदर्शक लिहिलं होतं. पाच आवृत्त्या निघाल्या होत्या, आणि प्रत्येक आवृत्तीत मजकूर तोच राहून फक्त दाजींचा फोटो मोठा होत गेला होता.

त्या मार्गदर्शकातच छोटीचं एक गुपित होतं.

आठ वर्षांपूर्वी तिला एका दवाखान्याच्या आवारात कुंडीतून खाली लोंबणारं एक झुपकेदार झाड दिसलं. सुईसारखी बारीक हिरवी पालवी, मधूनमधून बारके काटे, आणि लाल मण्यांसारखी फळं. चार फळं तिनं रुमालात बांधून आणली, आतल्या काळ्या बिया लावल्या, त्यातलं एक रोप नीट वाढलं ते ताईला दिलं. ताईनं ते बैठकीच्या खिडकीत ठेवलं. बाजारात अशा झाडाला सर्रास फर्न म्हणतात. दिसायला हिरवं, मऊ, पिसासारखं, म्हणून फर्न. ताईही "माझं फर्न" म्हणू लागली. ताईचं काही चुकलं नाही, ती काही वनस्पतिशास्त्राची हेड नव्हती.

दाजी होते. एकदा छोटीनं मुद्दाम विचारलं होतं, दाजी, हे लाल मणी कसले हो? दाजींनी वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता सांगितलं, "बीजाणूंच्या पिशव्या असतील." बीजाणू धुळीपेक्षा बारीक असतो, आणि त्याची पिशवी वाटाण्याएवढी, हे ऐकून छोटीला चहाचा ठसका लागला होता.

मग मार्गदर्शकाची तिसरी आवृत्ती आली. त्यात बी नसलेल्या संवहनी वनस्पतींच्या प्रकरणात ताईच्या खिडकीतल्या कुंडीचा फोटो, खाली ठळक अक्षरात 'फर्न'. मागे ताईचा पडदाही दिसत होता. छोटी सामानाच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कोणाला सांगितलं मात्र नाही. तेव्हापासून तिला एक खेळणंच मिळालं. दाजींनी मुलांसमोर तिला "अगं, तुला कळत नाही त्यात बोलू नकोस" म्हटलं, की ती मनातल्या मनात ते पान उघडी, आणि तिचा दिवस बरा जाई. सहा वर्षं तिनं हे सुख एकटीनं खाल्लं.

यंदाच्या सुट्टीत दाजींनी काचघराची किल्ली स्वतःकडे ठेवून घेतली, वस्तू हरवतात म्हणून. पाच आठवडे आत कोणी पाणी घातलं नाही. कुलूप उघडलं तेव्हा फर्नच्या चारही कुंड्यांत तपकिरी भुसा होता. दाजींनी त्याकडे पाहून, झाडं हल्ली चांगल्या दर्जाची मिळत नाहीत, असा निष्कर्ष काढला.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत टेबलावर दहा नमुने मांडायचे असतात. मुलांनी एकेका नमुन्यापुढे दोन मिनिटं थांबून तो ओळखायचा आणि त्याचं वर्गीकरण लिहायचं. पाचवा नमुना दरवर्षी फर्न. परीक्षेच्या सकाळी दाजी गाडीतून उतरले ते ताईची कुंडी दोन्ही हातांत धरून. छोटी टेबलावर क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावत होती. तिनं कुंडीकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं.

"हीच ठेवायची?" तिनं विचारलं.

"मग? फर्न म्हणजे फर्न."

तिनं पाच नंबरची चिठ्ठी कुंडीला लावली. खरं सांगायचं तर त्या वेळी तिला आतून गुदगुल्या होत होत्या.

बाहेरून आलेले परीक्षक सर्दीनं बेजार होते. त्यांनी रुमाल नाकाला लावूनच टेबलाभोवती एक फेरी मारली, परतीची बस किती वाजता आहे ते दोनदा विचारलं आणि पंख्यापासून लांबची खुर्ची पकडली. बत्तीस मुलं एकामागून एक टेबलावरून सरकत होती. पाच नंबरपाशी सगळ्यांचे चेहरे सैल पडत. फोटो पाठ होता. अर्ध्या मिनिटात लिहून मोकळी होत आणि उरलेलं दीड मिनिट छताकडे बघत.

एक मुलगी मात्र वाकली. तिला वर्गात फुलवाली म्हणत, कारण सकाळी ती कोपऱ्यावरच्या फुलांच्या दुकानात काम करून मग कॉलेजला येई. देठ सोलून आणि गुच्छ बांधून तिच्या बोटांवर कायम ओरखडे असत. तिनं पालवी बाजूला सारली, खालून पाहिलं, काट्यावर बोट टेकवून पाहिलं. मग आतून एक वाळकं, सुरकुतलेलं फळ काढून तळहातावर घेतलं आणि पुन्हा मातीवर ठेवलं. घंटा झाली तरी ती लिहीतच होती.

संध्याकाळी गठ्ठे बांधताना छोटीनं तिची उत्तरपत्रिका वाचली. तिनं लिहिलं होतं, 'हे फर्न नाही. पानांमागे बीजाणूंचे ठिपके नाहीत, फळ आहे. सबीज, आवृत्तबीजी, एकबीजपत्री. शतावरीच्या जवळचं.' खाली दाजींनी लाल शाईनं मोठं शून्य काढलं होतं आणि शेरा मारला होता, 'कल्पनाशक्ती आवरावी.' शून्याला जोर इतका दिला होता की कागदावर मागून उमटलं होतं. छोटीला वाटलं, या वर्षीची करमणूक मागच्या सगळ्या वर्षांपेक्षा सरस आहे.

निकालानंतर चौथ्या दिवशी फुलवाली प्रयोगशाळेत आली. ती तक्रारीचा अर्ज देऊन आली होती आणि तिला कुंडी पाहायची होती. कुंडी दाजींनी परीक्षेच्याच दिवशी घरी नेली होती, असं छोटीनं सांगितलं. मुलगी जायला वळली, आणि दारातूनच तिनं विचारलं, "मावशी, टेबलावर कुंडी तुम्ही ठेवलीत ना? तुम्हाला माहीत होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण त्या मुलीच्या डोळ्याला डोळा देऊन छोटीला ते जमलं नाही. "माहीत होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पुस्तकात फोटो आला तेव्हापासून."

मुलगी रागावेल अशी तिची अपेक्षा होती. मुलगी रागावली नाही. ती शांतपणे म्हणाली, "माझा दादा याच पुस्तकावर शिकला. आता तो शाळेत शिकवतो. फुलांच्या दुकानातून माझ्याकडूनच याची जुडी मागवून घेतो आणि पोरांना फर्न म्हणून दाखवतो. मी सांगितलं तर म्हणतो, हेडपेक्षा तू शहाणी का?" मग तिनं दप्तर खांद्यावर घेतलं. "तुमचं तरी ऐकलं असतं कोणी," असं म्हणून ती निघून गेली.

तुमचं तरी कोण ऐकणार, असं ती म्हणाली असती तर छोटीला बरं वाटलं असतं. त्या दिवशी तिनं एकच बरणी तीन वेळा धुतली. दाजी मूर्ख आहेत हे तिला माहीत होतं. आपण त्या मूर्खपणाला सहा वर्षं खाऊपिऊ घालून वाढवलं, हे तिच्या ध्यानात आता येत होतं. इतकी मुलं तिच्या समोर चुकीचं शिकून गेली, आणि ती कोपऱ्यात उभी राहून दाजींना हसत होती.

रविवारी ताईनं चहाला बोलावलं. चहा झाल्यावर ताईनं दार लोटून घेतलं आणि दाजी विषयावर आले. अर्ज आल्यावर त्यांनी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, फर्न म्हणजे काय ते नीट उघडून वाचलं होतं. तांत्रिकदृष्ट्या मुलगी म्हणते त्यात तथ्य असू शकतं, असं ते म्हणाले. पण तांत्रिक गोष्टींना किती धरून बसायचं? मंगळवारी चौकशी समिती बसणार होती. छोटीनं रोपवाटिकेतून एक खरंखुरं फर्न आणावं, त्याला पाच नंबरची चिठ्ठी लावून समितीपुढे ठेवावं आणि परीक्षेत हेच होतं असं सांगावं. मुलीची नजर चुकली, एवढंच ठरेल.

"आणि ही?" छोटीनं खिडकीकडे बोट केलं. कुंडी जागेवरच होती, नव्या फळांनी लगडलेली.

"तिची विल्हेवाट लाव," दाजी म्हणाले.

ताईचे डोळे भरले होते. तुझ्या दाजींनी तुझ्यासाठी काय नाही केलं, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, या वयात त्यांची शोभा करणार का, असं ती बराच वेळ बोलत राहिली. दाजी त्या वेळी नखं बघत होते. एरवी सभेत छाती पुढे काढून बसणारा माणूस खुर्चीत अर्धा झाला होता, आणि एक क्षण छोटीला त्यांची दया आली. तेवढ्यात ते म्हणाले, "शेवटी ती काय, फुलं विकणारी पोरगी." मग दया कुठल्या कुठे गेली.

तिनं कुंडी उचलली, कमरेवर घेतली आणि निघाली. ताईला वाटलं, बहिणीनं ऐकलं.

मंगळवारी समिती प्राचार्यांच्या खोलीत बसली. समितीत तिघं. प्राचार्य, जे मूळचे भूगोलाचे. बाहेरचे परीक्षक, ज्यांची सर्दी अजून हटली नव्हती. आणि विषयतज्ज्ञ म्हणून स्वतः दाजी. ज्याच्यावर तक्रार तोच निवाड्याला बसलेला, आणि यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. फुलवाली भिंतीशी उभी होती. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं.

छोटी आत आली आणि तिनं ताईची कुंडी टेबलाच्या मधोमध ठेवली. पाच नंबरची चिठ्ठी तशीच होती. दाजींनी आधी कुंडीकडे पाहिलं, मग तिच्यामागे दाराकडे, दुसरी कुंडी मागून येते आहे अशा आशेनं.

प्राचार्यांनी विचारलं, हीच का ती?

"हीच," छोटी म्हणाली. "आठ वर्षांपूर्वी मी ही बीपासून लावली. फर्नला बी नसते."

तिनं एक लाल फळ तोडलं आणि समोरच्या कोऱ्या कागदावर अंगठ्यानं दाबलं. लालसर डाग पडला आणि त्यात काळी, गोल बी उठून दिसली. पुढचंही तिनं तिथंच सांगितलं. मार्गदर्शकातला फोटो याच कुंडीचा आहे, ते आपल्याला सहा वर्षं माहीत होतं, आणि आपण बोललो नाही ही आपली चूक आहे. रविवारच्या चहाबद्दल तेवढं बोलली नाही. ते ताईसाठी गिळलं.

मग बाहेरच्या परीक्षकांनी चष्मा वर करून बी निरखली. "शतावरीच्याच वंशातलं आहे हो," ते म्हणाले. "मला त्या दिवशीच दिसलं होतं."

प्राचार्यांनी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"उत्तर हेडनी लिहून दिलेलं होतं. मला वाटलं, तुमच्याकडे असंच शिकवतात." असं म्हणून त्यांनी नाक शिंकरलं.

छोटीला त्यांच्याकडे तुच्छतेनं पाहायचं होतं, पण तेवढा हक्क आपल्यालाही उरलेला नाही हे जाणवून तिनं नजर खाली घेतली.

पंधरा दिवसांनी फळ्यावर सूचना लागली. नमुना क्रमांक पाच संदिग्ध असल्याचे आढळल्याने सर्व परीक्षार्थींना त्या प्रश्नाचे पूर्ण गुण देण्यात येत आहेत. खाली तिघांच्या सह्या, दाजींची सगळ्यांत मोठी. फुलवालीनं ती दोनदा वाचली.

"म्हणजे मीही बरोबर आणि ते एकतीसही बरोबर," ती छोटीला म्हणाली. "झाडच तेवढं चुकलं."

एकतीस जणांचे गुण आधी होते तेवढेच राहिल्यामुळे वर्गातून फुलवालीचे आभार मानायलाही कोणी आलं नाही. उलट काहींना वाटलं, तिनं उगाच घोळ घातला. ती पास झाली, सुट्टीपुरती दुकानात पूर्णवेळ लागली आणि पुढच्या वर्गाचा अर्जही तिनं दुसऱ्या कॉलेजात भरला. मार्गदर्शकाची सहावी आवृत्ती आली. प्रकरण तेच, फोटो तोच, पडदाही तोच. खाली फक्त 'फर्न' ऐवजी 'फर्नसदृश शोभेची वनस्पती' छापलं होतं. म्हणजे चूक दुरुस्त करताना दाजींनी ती नीट अधिकृत करून घेतली होती.

छोटीला कामावरून काढणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी बोलणं बंद केलं. काम असलं की कागदावर लिहून टेबलावर ठेवत, आणि त्यात शुद्धलेखनाच्या चुका असत. ताईनं तीन महिने फोन केला नाही. मग एका दुपारी केला. आधी गुडघ्याबद्दल बोलली, मग म्हणाली, "तू मला तरी सांगायचंस. इतकी वर्षं मी येणाऱ्या प्रत्येकाला फर्न म्हणून दाखवत होते. तू समोर बसून ऐकायचीस."

छोटी नुसती ऐकत नव्हती, ती तेव्हा ताईलाही हसत होती. तिनं ते कबूल केलं. ताईनं तेवढ्यावर फोन ठेवला नाही. आता ताई फोन करते, मोजकंच बोलते. चहाला मात्र अजून बोलावलेलं नाही.

नव्या सत्रात दाजींनी पाईनची एक डहाळी हातात घेतली. टोकाशी पिवळसर, पराग झडणारे छोटे शंकू गुच्छानं आले होते. "हे पाईनचं फूल," दाजी म्हणाले, आणि तीस डोकी वहीवर वाकली. छोटी मागे नळापाशी काचपट्ट्या धूत होती. असलं वाक्य ती पूर्वी जपून घरी नेत असे.

"सर," ती म्हणाली, "पाईनला फूल नसतं. तो नर शंकू आहे."

तीस डोकी मागे वळली. दाजींनी डहाळीकडे पाहिलं, बोटाला लागलेल्या पिवळ्या परागाकडे पाहिलं, छोटीकडे नाही पाहिलं. मग ते म्हणाले, "शंकू लिहा," आणि लगेच पुढच्या मुद्द्याकडे वळले. निम्म्या मुलांनी आधीचा शब्द खोडला. निम्म्यांनी तसाच ठेवला. छोटीनं हातातली काचपट्टी फडक्यावर ठेवली, आणि पुढची नळाखाली धरली.